घरखर्चात काटकसर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

काटकसर कशी करावी असे विचारले की बहुतेक जण आधी बाहेरचे खाणे आणि हौसेची खरेदी बंद करायला सांगतात. हा सल्ला चुकीचा नाही, परंतु तिथून सुरुवात केली तर घरात सगळ्यांची चिडचिड होते आणि महिनाअखेरीची शिल्लक मात्र फारशी बदलत नाही. या वाटेने गेल्यावर माझे मत असे झाले आहे की घरातला पैसा मुख्यतः न दिसणाऱ्या ठिकाणांहून जातो. खात्यातून आपोआप वळत्या होणाऱ्या रकमा, कर्जाचे व्याज, तापवलेले पाणी आणि फेकून दिलेले अन्न ही त्यांतली मोठी ठिकाणे. ही ठिकाणे आधी बंद केली तर कोणाचीही सोय न काढून घेता बरीच रक्कम हाती लागते, आणि हौसेला कात्री लावण्याची वेळ कित्येकदा येतच नाही. पुढील पायऱ्यांचा क्रम याच विचाराने लावलेला आहे, म्हणून शक्यतो तो बदलू नये.

सुरुवातीला जवळ काय असावे

- मागील बारा महिन्यांचे बँक खात्याचे आणि क्रेडिट कार्डाचे उतारे
- वीज, पाणी, इंधन, फोन आणि इंटरनेट यांची मागील वर्षाची बिले
- चालू असलेल्या प्रत्येक कर्जाचा व्याजदर, शिल्लक रक्कम आणि हप्ता
- विम्याची कागदपत्रे आणि त्यांच्या नूतनीकरणाच्या तारखा
- एक वही किंवा संगणकावरील तक्ता
- स्वयंपाकघरातील वजनकाटा, एक मोजपात्र आणि शक्य असल्यास प्लगमध्ये लावायचा वीजमापक

उतारे बारा महिन्यांचेच घ्यावेत. तीन महिन्यांचे घेतले तर विम्याचा हप्ता, वार्षिक शुल्क, शाळेची फी असे वर्षातून एकदाच येणारे खर्च नजरेतून सुटतात आणि पुढे तेच "अचानक आलेले खर्च" म्हणून सगळे नियोजन कोलमडवतात.

१. पहिला महिना केवळ नोंद ठेवा

पहिल्या महिन्यात काहीही कमी करू नका. नेहमीप्रमाणे खर्च करा आणि प्रत्येक रक्कम त्याच दिवशी लिहा, कारण आठवड्याने आठवून लिहिलेली नोंद निम्मी अंदाजाची असते. जपानमध्ये १९०४ साली पत्रकार हानी मोतोको यांनी काकेइबो ही घरगुती जमाखर्चाची पद्धत रूढ केली. तिच्यात गरजेचे, हौसेचे, ज्ञान व संस्कृतीशी संबंधित आणि अनपेक्षित असे खर्चाचे चारच गट असतात. नवख्या माणसाला एवढे गट पुरतात. पंचवीस शीर्षके आखून सुरू केलेली वही दोन आठवड्यांत बंद पडते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

इथे दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे "रोख काढली" अशी एकच नोंद करून थांबणे. खात्यातून रोख काढणे हा खर्च नव्हे, त्या रोखीचे पुढे काय झाले ते लिहिले पाहिजे. दुसरा सापळा म्हणजे "इतर" हे शीर्षक. महिन्याच्या शेवटी ते फुगलेले दिसले, तर नेमकी तीच रक्कम उकलून पाहण्यासारखी आहे असे समजावे.

नोंदीचे काम एकाच व्यक्तीने करून बाकीच्यांना जाब विचारण्याची पद्धत पाडू नये. ज्या घरात वही सर्वांना दिसेल अशी ठेवलेली असते आणि जो तो आपला खर्च स्वतः लिहितो, तिथे पुढच्या पायऱ्यांवर वाद कमी होतात.

महिना संपल्यावर सर्व वार्षिक खर्चांची बेरीज करून तिला बारांनी भागा. येणारी रक्कम दरमहा बाजूला काढायची आहे, म्हणून ती पहिल्यापासूनच खर्चात धरा.

२. आपोआप जाणाऱ्या रकमा तपासा

आता उताऱ्यांवरून दरमहा किंवा दरवर्षी आपोआप वळत्या होणाऱ्या सर्व रकमांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे ती सेवा शेवटची कधी वापरली ते लिहा. ही बहुधा एका संध्याकाळची बैठक असते, आणि तिच्यातून होणारी बचत पुढे काहीही कष्ट न करता दर महिन्याला होत राहते. मनोरंजनाची वर्गणी, व्यायामशाळेचे सदस्यत्व, फोटो साठवण्याची जागा, एकेकाळी कामासाठी घेतलेले सॉफ्टवेअर अशा गोष्टी इथे सापडतात.

मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकले म्हणजे वर्गणी रद्द झाली असे होत नाही. खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वर्गणी स्वतंत्रपणे रद्द करावी, रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवावा आणि पुढील महिन्याच्या उताऱ्यात रक्कम खरोखरच थांबली आहे का ते पाहावे. विनामूल्य चाचणी घेतलीच तर ती संपण्याच्या दोन दिवस आधीची आठवण त्याच क्षणी फोनमध्ये लावून ठेवावी.

फोन आणि इंटरनेटची योजना निवडताना आपला प्रत्यक्ष वापर पाहावा. मागील काही महिन्यांत किती डेटा वापरला हे फोनच्या सेटिंग्जमध्ये दिसते, आणि बरीच घरे वापराच्या कितीतरी पट मोठ्या योजनेचे पैसे भरत असतात. उशिरा भरल्याचा दंड, किमान शिल्लक न ठेवल्याचे शुल्क आणि दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून पैसे काढल्याचे शुल्क या रकमा लहान वाटल्या तरी त्यांच्या बदल्यात आपल्याला काहीच मिळालेले नसते, म्हणून त्या शून्यावर आणाव्यात.

३. महाग कर्ज आधी फेडा

बचत करणाऱ्या घरात क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर दिवे मालवून होणारी बचत त्या व्याजापुढे टिकत नाही. दरमहा ३ टक्के हा दर ऐकायला सौम्य वाटतो, परंतु व्याजावर व्याज धरल्यास तो वर्षाला ४२ टक्क्यांहून अधिक होतो. म्हणजे १,००,००० ची थकबाकी काहीच न फेडल्यास वर्षअखेरीस सुमारे १,४२,६०० होते, आणि त्यात दंड धरलेला नाही. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास तिचा मोठा भाग व्याजातच जातो. शिवाय बहुतेक कार्डांच्या अटींनुसार थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

सर्व कर्जांचे ठरलेले हप्ते वेळेवर भरावेत आणि वरची प्रत्येक शिल्लक रक्कम सर्वांत जास्त व्याजदराच्या कर्जाकडे वळवावी. ते संपले की तीच रक्कम पुढच्या कर्जाकडे न्यावी. "बिनव्याजी हप्ते" दिसले की प्रक्रिया शुल्क किती आहे आणि एकरकमी भरल्यास मिळणारी सूट हप्त्यांत गमवावी लागते का, हे दोन्ही विचारावे.

४. वीज: वॉट किती आणि तास किती

विजेच्या बचतीत बहुतेक घरे चुकीच्या उपकरणावर लक्ष ठेवतात, म्हणून एवढा एक हिशेब शिकून घ्यावा. उपकरणाचे वॉट गुणिले वापराचे तास, भागिले १००० म्हणजे युनिट. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. ६० वॉटचा तारेचा जुना बल्ब रोज पाच तास चालला तर वर्षाला सुमारे ११० युनिट घेतो, तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा सुमारे १६ युनिट घेतो. छताचा जुन्या पद्धतीचा पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. तो रोज बारा तास चालल्यास वर्षाला जवळपास ३३० युनिट होतात, तर ३० वॉटच्या आसपास चालणाऱ्या बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या, ब्रश नसलेल्या) मोटरच्या पंख्याला सुमारे १३० युनिट पुरतात.

नवे उपकरण घ्यावे की नाही हेही याच गणिताने ठरवावे. वर्षाला वाचणारे युनिट आपल्या बिलावरील दराने गुणा आणि नव्या उपकरणाची किंमत त्या आकड्याने भागा. किंमत किती वर्षांत भरून निघेल ते कळते. सतत चालणाऱ्या पंख्याचे उत्तर सहसा अनुकूल येते, पाहुण्यांच्या खोलीतल्या पंख्याचे येत नाही. चालू उपकरण टाकून देऊन "वीज वाचवणारे" नवे घेणे ही पुष्कळदा खरेदीसाठी शोधलेली सबब असते.

बंद असूनही प्लगमध्ये राहिलेली उपकरणे थोडी वीज घेत राहतात. अशा उपकरणांची एकत्रित ओढ ५ वॉट असली तरी वर्षभरात सुमारे ४४ युनिट होतात. टीव्ही, त्याचा सेट-टॉप बॉक्स आणि ध्वनियंत्रणा एकाच बटणाच्या विस्तारपट्टीवर (एक्स्टेंशन बोर्डवर) घेतली की एका हालचालीत सर्व बंद होते.

फ्रिज चोवीस तास चालतो, म्हणून त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. आतले तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि बर्फाच्या कप्प्याचे उणे १८ अंश पुरेसे असते. त्याहून थंड ठेवल्याने वीज वाढते आणि वेगळा लाभ काही होत नाही. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ती सहज ओढून निघाली तर रबरी पट्टी सैल झाली आहे असे समजून बदलून घ्या. फ्रिजच्या मागे हवा खेळायला जागा ठेवा. जुना फ्रिज "जादाचा" म्हणून चालू ठेवण्याचा मोह मात्र टाळावा.

खोली थंड किंवा गरम करणारे यंत्र घरात असेल तर बिलाचा सर्वांत मोठा भाग बहुधा त्याचाच असतो. बाहेरचे आणि आतले तापमान यांतला फरक जितका मोठा, तितके यंत्राला अधिक काम करावे लागते, म्हणून एक-दोन अंशांचा बदलही बिलात दिसतो. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे, यंत्रातील हवा गाळणाऱ्या जाळ्या स्वच्छ ठेवणे आणि ऊन काचेवर पडण्याआधीच बाहेरच्या बाजूने अडवणे हे उपाय स्वस्त आहेत. आतला पडदाही उपयोगी पडतो, परंतु तोपर्यंत उष्णता काचेच्या आत आलेली असते.

५. पाणी, आणि विशेषतः गरम पाणी

पाणी तापवायला किती ऊर्जा लागते याची कल्पना फार थोड्या लोकांना असते. वीस लिटरची एक बादली २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यासाठी सुमारे ०.४७ युनिट लागतात. तेवढ्या विजेवर ९ वॉटचा दिवा पन्नास तासांहून अधिक चालला असता. घरात कोणी दिवा विसरला म्हणून रागावण्यापेक्षा आंघोळीच्या पाण्याकडे पाहणे अधिक फायद्याचे, असे मी म्हणतो ते या आकड्यामुळे.

शॉवरखाली बादली धरून एका मिनिटात किती पाणी जमते ते मोजा. मिनिटाला दहा लिटर येत असेल तर दहा मिनिटांच्या आंघोळीला शंभर लिटर, म्हणजे पाच बादल्या पाणी लागते. कमी प्रवाहाची जाळी बसवली किंवा साबण लावताना नळ बंद केला तर पाणी आणि ऊर्जा दोन्ही वाचतात. साठवणीचा गीझर दिवसभर चालू ठेवू नये, आणि पाणी कढत करून मग त्यात थंड पाणी मिसळण्याची पद्धतही सोडावी. मात्र साठवणीच्या टाकीचे तापमान कायम फार खाली ठेवणेही योग्य नाही. कोमट साठलेल्या पाण्यात फुफ्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जातीचे जिवाणू वाढू शकतात, म्हणून टाकीत ६० अंश आणि नळाशी मिसळून घेणे हा सुरक्षित मार्ग आहे. एकदम थोडेच पाणी तापवून लगेच वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

कपडे धुण्याच्या यंत्रात गरम पाण्याने धुताना बहुतांश ऊर्जा पाणी तापवण्यातच जाते. रोजच्या कपड्यांना थंड पाणी पुरते. यंत्र पूर्ण भरल्यावरच लावावे आणि कपडे शक्यतो वाऱ्यावर वाळवावेत.

गळती शोधण्यासाठी दोन चाचण्या कराव्यात. पाण्याचा मापक असेल तर आकडा लिहून ठेवा, दोन तास घरात पाणी अजिबात वापरू नका आणि पुन्हा पाहा. आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे. शौचालयाच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीतील झडप झिजली आहे. ही गळती आवाज करत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे चालू राहू शकते.

६. स्वयंपाकघर: फेकले जाणारे अन्न थांबवा

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. हा आकडा आपल्या घरापुरता पाहायचा असेल तर कचऱ्याच्या डब्याशेजारी एक कागद लावा आणि दोन आठवडे फेकलेला प्रत्येक खाद्यपदार्थ, त्याचे वजन आणि फेकण्याचे कारण लिहा. कारणांचा रकाना सर्वांत उपयोगी ठरतो, कारण उपाय त्यातूनच कळतो. ताटात उरत असेल तर वाढण्याचे प्रमाण बदलावे लागते, फ्रिजमध्ये सडत असेल तर खरेदीचे.

खरेदीला निघण्यापूर्वी घरातले साठे पाहा आणि आठवड्याचे जेवण साधारण ठरवून मगच यादी करा. नवीन आणलेली वस्तू मागे आणि जुनी पुढे अशी मांडणी ठेवा. लवकर संपवायच्या पदार्थांसाठी फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरचा एक कप्पा राखून ठेवा आणि आठवड्यातून एक जेवण केवळ त्या कप्प्यातून करण्याचा नियम करा. पिकलेली केळी, सफरचंदे आणि टोमॅटो इथिलीन वायू सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात, म्हणून ती वेगळी ठेवावीत. बटाटे अंधारात, थंड आणि कोरड्या जागी ठेवावेत.

वेष्टनावरील तारखा नीट वाचाव्यात. "बेस्ट बिफोर" ही तारीख चव आणि दर्जाविषयी असते. ती उलटली म्हणजे नीट साठवलेला कोरडा पदार्थ लगेच फेकण्याजोगा होतो असे नाही. "युज बाय" ही तारीख सुरक्षिततेची असते आणि तिच्याशी तडजोड करू नये. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे, कारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात. शंकास्पद अन्न संपवून केलेली बचत औषधांत जाते.

इंधनाच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की पाण्याला उकळी आल्यावर आच मोठी ठेवून ते १०० अंशांहून अधिक तापत नाही, जादा इंधन केवळ वाफ करण्यात खर्च होते. उकळी येताच आच कमी करा आणि झाकण ठेवा. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जाते, म्हणून वेळ आणि इंधन दोन्ही कमी लागतात. कडधान्ये आधी भिजवून ठेवावीत.

७. खरेदीचे नियम

किंमत नेहमी वजनावर किंवा मापावर भागून पाहावी. ५०० ग्रॅमचे पाकीट ५५ ला आणि ७५० ग्रॅमचे ९० ला असेल तर मोठे पाकीट महाग आहे, कारण शंभर ग्रॅमला लहान पाकिटात ११ आणि मोठ्यात १२ पडतात. मोठे पाकीट खरोखर स्वस्त असले तरी ते खराब होण्याआधी संपेल का, हा प्रश्न त्यानंतर येतो.

गरजेची नसलेली वस्तू आवडली की ती तारखेसह एका यादीत लिहावी आणि तीस दिवस थांबावे. यादीतील बऱ्याच वस्तूंची इच्छा तोवर मावळते. जिची मावळत नाही ती आनंदाने घ्यावी. खरेदीच्या संकेतस्थळांवर साठवलेला कार्डाचा तपशील काढून टाकल्यानेही मोठा फरक पडतो. रोज वापरायच्या वस्तूत किमतीपेक्षा प्रत्येक वापराला किती पडते हे पाहावे. चांगली चप्पल, चांगले भांडे आणि चांगली गादी यांत सर्वांत स्वस्त निवडणे बहुधा महागात पडते. सवलतीसाठी ठरावीक रकमेचा टप्पा गाठायला घेतलेली जादा वस्तू ही बचत नव्हे. आणि काटकसर सुरू करायची म्हणून नवे डबे, नव्या वह्या आणि नवी उपकरणे घेऊ नयेत.

८. दुरुस्ती, कपडे, स्वच्छता

सुई-दोरा, दोन-तीन आकारांचे पेचकस, पाना, नळाचे वायसर आणि टेफ्लॉनची पट्टी एवढी सामग्री घरात असली की तुटलेली बटणे आणि गळणारे नळ घरीच दुरुस्त होतात. भिंतीतील वीजतारा आणि गॅसची जोडणी यांना मात्र जाणकाराशिवाय हात लावू नये. कपडे उलटे करून धुतले तर रंग टिकतो. साबणाची पूड वेष्टनावर सांगितली आहे तेवढीच घालावी, जास्त घातल्याने कपडे अधिक स्वच्छ होत नाहीत आणि खळबळून धुवायला पाणी वाढते.

घरगुती स्वच्छताद्रव्ये बनवताना ब्लीच कधीही व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियायुक्त द्रव्यात मिसळू नका. पहिल्या मिश्रणातून क्लोरीन आणि दुसऱ्यातून क्लोरामाइन हे विषारी वायू निघतात.

९. जिथे कात्री लावायची नाही

आरोग्य विमा, नियमित औषधे, दातांची तपासणी, मुलांचे पोषण, वाहनाचे ब्रेक आणि टायर, धूर किंवा गॅसगळती ओळखणारी यंत्रणा यांवरचा खर्च कमी करू नये. औषधांत बचत हवी असेल तर तेच मूळ द्रव्य आणि तीच मात्रा असलेले जेनेरिक औषध मिळते का, हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे. मात्रा स्वतःहून कमी करू नये.

काटकसरीचा भार कोणा एकावर पडतो आहे का, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. तयार वस्तू बंद करून सर्व काही घरी करायचे ठरले आणि ते सगळे काम एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडले, तर वहीत बचत दिसली तरी ती त्या व्यक्तीच्या विश्रांतीतून आलेली असते. असा प्रत्येक बदल करताना ते काम कोण करणार, हे त्याच वेळी ठरवून लिहावे.

१०. वाचलेली रक्कम वेगळी काढा

वाचलेली रक्कम रोजच्या खात्यात राहिली तर ती पुढच्या खरेदीत विरून जाते, म्हणून उत्पन्न जमा होते त्याच दिवशी ती आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला द्यावी. तिथे दोन भाग वेगळे ठेवावेत. पहिला भाग वार्षिक खर्चांचा, जो पहिल्या पायरीत बारांनी भागून काढला होता. दुसरा आणीबाणीचा. महाग कर्ज चालू असताना एका महिन्याच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम त्यात पुरे, कर्ज संपल्यावर ती तीन ते सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत वाढवावी. उत्पन्न अनियमित असेल तर सहा महिनेच धरावेत. ही रक्कम एक-दोन दिवसांत हाती येईल अशाच ठिकाणी असावी, दीर्घ मुदतीत अडकवू नये.

दर तिमाहीला उतारे पुन्हा एकदा पाहा, कारण बंद केलेल्या वर्गण्यांच्या जागी नव्या येतात आणि योजनांचे दर वाढतात. आणीबाणीच्या रकमेतून पैसे काढावे लागले तर ती भरून निघेपर्यंत नव्या मोठ्या खरेद्या थांबवा आणि काढण्याचे कारण वहीत लिहा. तेच कारण पुन्हा आले तर तो खर्च आणीबाणीचा नसून वार्षिक खर्चांच्या यादीतला आहे, आणि त्याची मासिक तरतूद त्याच महिन्यापासून सुरू करावी.